प्रसूतीनंतरची शस्त्रक्रिया : गरज कोणती, हौस कोणती?

मूल झाल्यावर स्त्रीच्या शरीरात जो पालट होतो, त्याविषयी आमच्या घरांतून दोनच ठिकाणी बोलणे होत असते. एक बाळंतिणीच्या खोलीत, दबक्या आवाजात. आणि दुसरे लग्नामुंजीच्या घरी, चारचौघींच्या देखत, थट्टेच्या रूपाने. अलीकडे यात तिसऱ्या ठिकाणाची भर पडली आहे. रात्री मुलास पाजीत असता आई मोकळ्या हाताने मोबाईल चाळीत असते, आणि त्या पडद्यावर 'आधी' व 'नंतर' अशी दोन पोटे शेजारीशेजारी दाखविणारी जाहिरात तिच्यापुढे येते. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते, 'मॉमी मेकओव्हर'. पोट, स्तन व कंबर यांच्या दोन-तीन शस्त्रक्रिया एका गाठोड्यात बांधून विकावयाच्या, त्या गाठोड्याचे हे नाव. ही जाहिरात मुंबई-पुण्याच्या माड्यांवर जशी दिसते, तशीच ती सातपुड्याच्या पायथ्याशी, नंदुरबार जिल्ह्यातील म्हसावद येथेही दिसते.

म्हसावद हे शहादा तालुक्यातील बाजाराचे गाव. शहाद्याहून धडगावकडे जाणारा रस्ता येथून पुढे डोंगरात शिरतो. भोवती केळी, पपई, ऊस व कापूस यांची शेते आहेत. गावात शाळा आहेत, ग्रामीण रुग्णालय आहे, आणि नोकरीच्या निमित्ताने येऊन स्थिरावलेली सुशिक्षित कुटुंबे आहेत. आणि डोंगरातून पावरा व भिल्ल बायका, डोक्यावर ओझे व कडेवर मूल घेऊन, बाजारास उतरत असतात. अशा गावातील दोन स्त्रिया वाचकांनी क्षणभर कल्पनेने डोळ्यांपुढे आणाव्यात. एक शिक्षकाच्या घरची सून. धाकटे मूल दीड वर्षाचे झाले, तरी पोट पूर्ववत होत नाही म्हणून खंतावलेली. दुसरी डोंगरातील, चार मुलांची आई. उभ्याने काम केले की खाली काहीतरी उतरल्यासारखे वाटते, म्हणून मधूनमधून भिंतीला टेकून बसणारी. पहिलीस शस्त्रक्रियेचे नाव, तिची किंमत व पैसे हप्त्याने भरण्याची सोय, सर्व ठाऊक आहे. दुसरीस आपल्या दुखण्याला नाव आहे, हेदेखील ठाऊक नाही. आणि या दोघींत डोंगराएवढे अंतर आहे असे कोणी मानीत असेल, तर पहिलीच्या घरातील सासूबाईंना कोणीतरी विश्वासात घेऊन विचारावे. दुसरीचे जे दुखणे, तेच त्यांनीही वीस वर्षे अंगावर काढलेले असण्याचा पुष्कळ संभव आहे.

जाहिरातीकडे पाहून नाक मुरडणे सोपे असते. 'आमच्या वेळी नव्हती ही थेरे' असे म्हणून वडीलधाऱ्या बायका मोकळ्या होतात. परंतु आमच्या मते हा विषय इतक्या स्वस्तात निकालात निघण्याजोगा नाही. बाळंतपणात शरीराची झालेली खरी हानी ही एक गोष्ट, व आरशातील रूपाविषयीची नाराजी ही दुसरी. यांतील पहिली लपवून ठेविली जाते आणि दुसरीची जाहिरात होते. त्यामुळे कोणत्या गोष्टीस शस्त्रवैद्य पाहिजे व कोणत्या गोष्टीस केवळ थोडा धीर पाहिजे, हे ना सुनेला कळते, ना सासूला.

तेव्हा प्रथम शरीरात काय घडते ते पाहू. प्रसूतीच्या वेळी गर्भाशयाचे वजन सुमारे एक किलो असते. सहा आठवड्यांत ते शंभर ग्रॅमच्याही आत येते. पण गर्भाशय आवरले म्हणजे पोट आवरले, असे नव्हे. पोटाच्या पुढच्या बाजूस, फासळ्यांपासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत, स्नायूंचे दोन उभे पट्टे असतात. त्यांना मधोमध जोडणारी जी चिवट, पांढरी शिवण आहे, ती वाढत्या गर्भाबरोबर रुंदावत जाते. घट्ट चोळीची शिवण जशी उसवते तशी ती उसवत नाही, केवळ पसरते. आणि प्रसूतीनंतर हळूहळू पुन्हा आखडू लागते. ती पुरेशी आखडली नाही, म्हणजे दोन पट्ट्यांत फट राहते. डॉक्टर तीस 'डायस्टॅसिस' म्हणतात. नॉर्वे देशात प्रथमच गर्भवती झालेल्या ३०० स्त्रियांची पाहणी करून २०१६ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी दर शंभरांत साठ स्त्रियांच्या पोटात ही फट होती, सहा महिन्यांनी पंचेचाळिसांच्या, आणि वर्ष झाल्यावर सुमारे तेहेतिसांच्या. म्हणजे मूल पाऊल टाकू लागेपर्यंत निसर्गाचे हे काम चालूच असते. मग तीन महिन्यांच्या बाळंतिणीस 'वहिनी, अजून एक आहे की काय पोटात?' असे विचारणाऱ्या वन्संना काय म्हणावे? त्याच पाहणीत हेही दिसले की, फट असलेल्या स्त्रियांस फट नसलेल्यांपेक्षा कंबरदुखी अधिक होती असे नाही. कंबरदुखीचे सारे खापर या फटीवर फोडून शस्त्रक्रिया सुचविणारा कोणी भेटल्यास ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

ही फट आपली आपणांस घरी पाहता येते. उताणे निजावे, गुडघे वर घ्यावे, बोटे बेंबीच्या वर आडवी ठेवून मान व खांदे किंचित उचलावे. स्नायूंचे दोन काठ बोटांस लागतात. मध्ये दोन बोटांहून अधिक जागा असेल, आणि मूल सहा महिन्यांचे होऊन गेले असेल, तर डॉक्टरांकडे अथवा व्यायामोपचार करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जावे. खोकताना बेंबीपाशी लिंबाएवढा फुगवटा येत असेल तर मात्र तो बहुधा हर्निया समजावा. त्यास थांबू नये. कारण त्यात आतड्याचा वेढा अडकून जीवावर बेतण्याचा संभव असतो, आणि त्याच्या शस्त्रक्रियेला कोणीही हौस म्हणू शकणार नाही.

आमच्या घरांतून बाळंतिणीच्या पोटाला जुन्या लुगड्याचा पट्टा बांधण्याची चाल आहे, तिच्याविषयी येथे दोन शब्द लिहिणे अवश्य वाटते. पट्टा अगदी निरुपयोगी आहे असे नाही. विशेषतः पोट चिरून बाळंतपण झाले असेल तर पट्ट्याने दुखणे कमी वाटते, उठणे-चालणे सोपे जाते. परंतु पट्ट्याने स्नायू जवळ येतात हा समज खरा नव्हे. ते काम स्नायूंनी स्वतःच करावे लागते. आणि पट्टा श्वास कोंडेल इतका आवळला, तर वरचा सारा दाब खाली, आधीच सैल झालेल्या ओटीपोटाच्या तळावर पडतो. पोट आत राहावे म्हणून खालचे अंग बाहेर ढकलावे, यात शहाणपण कसले! डिंकाचे व अळिवाचे लाडू, शेपा, तुपाची धार यांविषयी आमची तक्रार नाही. पाजणाऱ्या आईस रोजच्याहून पाचशे-सहाशे उष्मांक अधिक लागतातच. मात्र सव्वा महिना उलटल्यावर, दूध पुरेसे येत असूनही, केवळ माहेरच्या मायेने लाडवांचे डबे संपवावयाचे आणि मग उन्हाळ्यात कंबरेकडे पाहून रडावयाचे, हा क्रम काही शस्त्रवैद्याने सुरू केलेला नाही.

व्यायामाचे नाव काढले की पुष्कळ स्त्रिया जमिनीवर निजून उठाबश्यांसारखे झटके देऊ लागतात. प्रसूतीनंतर लगोलग हे करू नये; फट त्याने पुढे फुगते. दीर्घ श्वास सोडीत पोट हळूच आत ओढून धरावे, येथून आरंभ करावा. आणि लघवी मध्येच रोखताना ज्या स्नायूंचा उपयोग होतो, ते आवळून सोडण्याचा व्यायाम रोज करावा. हा दुसरा व्यायाम अमेरिकेतील डॉक्टर आर्नल्ड केगेल यांनी १९४८ साली वैद्यकासमोर मांडला. खोकताना वा शिंकताना लघवीचे थेंब सुटण्याची जी खोड कित्येक बायका 'वयाचा दोष' म्हणून सोसतात, तिच्यावर हा व्यायाम नियमाने तीन महिने केला असता चांगला गुण येतो. त्यास पैसा लागत नाही, खोली लागत नाही, आणि पोळ्या लाटतानाही तो करता येतो.

पोटावरील पांढऱ्या-तांबूस रेघांविषयी थोडक्यात सांगतो. त्या कातडीच्या आतल्या थरात पडलेल्या भेगा होत. काळाने त्या फिक्या पडतात, पुसल्या जात नाहीत. बाजारातील कोणतेही मलम त्या नाहीशा करीत नाही. एक-दोन औषधी मलमांनी ताज्या रेघा काही अंशी निवळतात. पण ती औषधे गर्भवतीने वा अंगावर पाजणाऱ्या आईने लावण्याजोगी नसतात, म्हणजे नेमक्या उपयोगाच्या वेळी ती बंद!

आता शस्त्रक्रियेकडे वळू. पोटाची कातडी व चरबी मोठ्या प्रमाणात काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेचे जे आरंभीचे वृत्तांत आहेत, त्यांत अमेरिकेतील बाल्टिमोर येथील डॉक्टर हॉवर्ड केली यांचा १८९९ सालचा वृत्तांत प्रसिद्ध आहे. एका अतिस्थूल स्त्रीच्या पोटावरून त्यांनी सुमारे साडेसात किलो भार काढला. हे केली स्त्रीरोगांचे वैद्य होते, सौंदर्याचे नव्हेत. आज ही शस्त्रक्रिया 'ॲब्डॉमिनोप्लास्टी' अथवा 'टमी टक' या नावाने होते. पूर्ण भूल देऊन, ओटीपोटाच्या खालच्या अंगाला एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत छेद घेतात. कातडी व चरबी खालच्या स्नायूंपासून सोडवून फासळ्यांपर्यंत वर उचलतात. मधली फट टाक्यांनी शिवून दोन्ही पट्टे जवळ आणतात. मग कातडी खाली ओढून, जादा झालेली कापून टाकून, बेंबीला नवीन जागी भोक पाडून बसवितात. आत साचणारा द्रव बाहेर यावा म्हणून काही दिवस नळ्या ठेवाव्या लागतात, आणि कित्येक आठवडे आवळ पट्टा वापरावा लागतो. बेंबीखालच्या ज्या रेघा कापलेल्या कातडीबरोबर जातात, तेवढ्याच गेल्या, वरच्या राहतात. आणि छेदाची खूण जन्मभर राहते. लुगड्याच्या किंवा परकराच्या नेफ्याखाली ती झाकली जाते हे खरे. पण रेघांच्या बदली खूण असा हा व्यवहार आहे, हे आधीच समजून घेतलेले बरे.

हिचे धोके जाहिरातीत बारीक अक्षरांतही नसतात. कातडीखाली पाणी साचणे हा नेहमीचा त्रास. जखम पिकणे, कातडीचा काठ काळा पडून मरणे, ओटीपोटास बधिरपणा राहणे, हेही होते. सर्वांत गंभीर म्हणजे पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे; तीत प्राण जाऊ शकतो. ज्या स्त्रीस तपकीर ओढण्याची वा मिसरी लावण्याची सवय आहे, तिच्या जखमेस रक्त कमी पोहोचते, कारण तंबाखूतील निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आखडविते. सुशिक्षित घरांतून ही सवय डॉक्टरांपुढे कबूल करण्याची लाज फार. ती लाज शस्त्रक्रियेच्या टेबलावर महाग पडते.

केव्हा करावी, हा प्रश्न करावी की नाही याच्या इतकाच महत्त्वाचा आहे. प्रसूतीनंतर निदान सहा महिने ते वर्ष जाऊ द्यावे, अंगावर पाजणे थांबून काही महिने लोटावेत, वजन एका जागी स्थिरावलेले असावे, आणि पुढे मूल नको हे पक्के झालेले असावे. शस्त्रक्रियेनंतर पुन्हा गर्भ राहिल्यास तो सुखरूप वाढू शकतो; पण शिवलेले पोट पुन्हा पसरते आणि सारा खर्च पाण्यात जातो. हल्ली काही जणी विचारतात की, 'सिझेरियनच्या वेळीच पोट का नीट करून घेऊ नये? एकाच भुलेत दोन कामे!' आपल्या देशात २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार शंभरांत एकवीस-बावीस बाळंतपणे पोट चिरून होतात, तेव्हा हा प्रश्न थोड्या स्त्रियांचा नव्हे. याचे उत्तर 'नको' असेच आहे. त्या वेळी कातडी व स्नायू सुजलेले व ताणलेले असतात, किती कापावे याचा अंदाज येत नाही. आणि गरोदरपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असल्याने गुठळीचा धोका त्याच दिवसांत सर्वांत अधिक असतो.

एकत्र कुटुंबाने एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. या शस्त्रक्रियेनंतर सुमारे सहा आठवडे जड उचलावयाचे नसते. पाण्याची कळशी नाही, गव्हाचा डबा नाही, आणि दोन वर्षांचे मूलही नाही. मूल कडेवर घेण्यासाठी हात पसरून उभे आहे आणि आईने त्यास उचलावयाचे नाही, हे ऐकावयास सोपे वाटते. विभक्त बिऱ्हाडात या दिवसांत मोठी ओढाताण होते. आमच्या घरांत जाऊ असते, आत्याबाई असतात, आजेसासूबाई असतात. म्हणून मूल सांभाळण्याची सोय खचित होते. परंतु ती सोय मनापासून होते की 'नसते उद्योग करावयास सांगितले होते कोणी?' या टोमण्यासह होते, त्यावर त्या सहा आठवड्यांचे सुखदुःख अवलंबून असते.

चरबी नळीने ओढून काढण्याच्या क्रियेस लायपोसक्शन म्हणतात. ती वजन कमी करण्याची रीत नव्हे, एवढे येथे सांगितले म्हणजे पुरे. सैल कातडी तिने आखडत नाही. उलट आतली चरबी गेल्यावर कित्येकदा अधिकच लोंबते. आणि स्नायूंतील फट तिने मिटत नाही.

स्तनांविषयी आमच्या घरांतून एक खोटा समज फार रुजला आहे, आणि त्याचे भोग तान्ह्या मुलास भोगावे लागतात. अंगावर पाजल्याने बांधा बिघडतो, असे मानून कित्येक शिकलेल्या मुली लवकर बाटली धरतात. अमेरिकेतील केंटकी विद्यापीठाचे शस्त्रवैद्य ब्रायन रिंकर यांनी शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्या मातांची या दृष्टीने पाहणी केली. वय, गर्भारपणांची संख्या, शरीराचा स्थूलपणा व धूम्रपान यांचा स्तन ओघळण्याशी संबंध त्यांस आढळला. पाजण्याचा आढळला नाही. जो पालट व्हावयाचा तो गर्भारपणात होऊन गेलेला असतो. मुलाचे दूध तोडून त्यातील काही परत मिळत नाही.

सिलिकोनच्या पिशव्या बसवून स्तन मोठे करण्याची पहिली शस्त्रक्रिया १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टन येथे झाली. ती ज्या स्त्रीवर झाली ती सहा मुलांची आई होती. तिचा वृत्तांत वाचून आम्हांस मोठा विषाद वाटला. ती रुग्णालयात गेली होती छातीवरील गोंदण काढावयास. स्तन मोठे व्हावेत असे तिच्या मनात नव्हते. डॉक्टरांनीच ती कल्पना पुढे केली. तिला आपले पुढे आलेले कान मागे बसवून पाहिजे होते, आणि ते करून देण्याचे कबूल झाल्यावर ती या दुसऱ्या गोष्टीस तयार झाली. विकणाऱ्याच्या मनातील इच्छा घेणाऱ्याच्या मनात कशी उतरते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण. तशा पिशव्या जन्मभर टिकत नाहीत, त्या पुढे बदलाव्या अथवा काढाव्या लागण्याचा संभव असतो, हेही जाता जाता नमूद करतो.

येथवर वाचून आमचा प्लॅस्टिक सर्जरीवर राग आहे असे कोणास वाटेल. तसे मुळीच नाही. या विद्येशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. टिपूशी झालेल्या युद्धात नाक व हात गमावलेल्या कावसजी नावाच्या एका गाडीवानाचे नाक, पुण्याजवळ एका देशी कारागिराने कपाळाची कातडी वळवून नवीन घडविले. त्याचा वृत्तांत १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आला, आणि तो वाचून तेथील शस्त्रवैद्य कार्पू यांनी १८१४ साली तसाच प्रयोग केला. पुढे आमच्याच मुंबईत डॉक्टर नोशीर अंतिया यांनी महारोग्यांचे चेहरे व वाकडी झालेली बोटे सरळ करण्यात ही विद्या खर्ची घातली. गेलेले परत मिळवून देणे, माणसाला पुन्हा चारचौघांत बसविणे, हे या विद्येचे मूळ काम आहे. आणि बाळंतपणाने स्त्रीचे जे जाते, ते परत मिळवून देण्याचे काम मुंबईच्या स्त्रीवैद्यांनी केले आहे. त्याची जाहिरात मात्र कोठे दिसत नाही.

म्हसावदच्या त्या दुसऱ्या स्त्रीचे दुखणे आता पुन्हा आठवावे. गर्भाशयास खालून व बाजूंनी आधार देणारे स्नायू व बंध लांबलेल्या कळांनी, पाठोपाठच्या बाळंतपणांनी व ओली बाळंतीण असतानाच उचललेल्या ओझ्यांनी सैल होतात. मग गर्भाशय खाली सरकते. बायका याला 'अंग बाहेर येणे' म्हणतात. उतारवयात असे झाल्यास गर्भाशय काढून टाकणे हा सरळ मार्ग होता. परंतु ज्या बाईचे वय पंचवीस आहे आणि जिला अजून मूल पाहिजे, तिचे काय करावयाचे? आपल्याकडे लग्ने लवकर, बाळंतपणे लवकर, म्हणून हा प्रश्न मुंबईच्या वैद्यांसमोर विशेष तीव्रतेने उभा राहिला. गोव्यात शिरोडा येथे १८९९ साली जन्मलेले डॉक्टर विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी गर्भाशयाच्या मुखास पट्टीने मागे, पाठीच्या कण्याच्या तळाशी टांगून धरण्याची शस्त्रक्रिया बसविली. डॉक्टर पुरंदरे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेत तीच पट्टी पुढे, पोटाच्या भिंतीस जोडतात. दोन्हींत गर्भाशय राहते आणि मूल होण्याची आशाही राहते. शिरोडकरांचे नाव जगास अधिक परिचित आहे ते गर्भ अकाली पडू नये म्हणून गर्भमुखास घालावयाच्या टाक्यामुळे. पण स्त्रीरोगांच्या पाठ्यपुस्तकांत वरील दोन्ही शस्त्रक्रिया आजही शिकविल्या जातात. ज्या स्त्रीस शस्त्रक्रिया झेपत नाही तिच्यासाठी आत बसवावयाची कडी असते, आणि दोष थोडा असेल तर केगेल यांचा व्यायामही उपयोगी पडतो.

उपाय आहेत, मग स्त्रिया येत का नाहीत? डॉक्टर राणी बंग व डॉक्टर अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली 'लॅन्सेट' या अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात जो लेख लिहिला, त्याने जगभरच्या वैद्यांचे डोळे उघडले. शंभरांत ब्याण्णव स्त्रियांस स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते, आणि पूर्वी कधी तरी तपासणी करवून घेतलेल्या स्त्रिया शंभरांत अवघ्या आठ होत्या. गडचिरोली दूर, डोंगर दूर, असे म्हणून वाचकांनी सुटका करून घेऊ नये. आमच्या माड्यांवरील सासूबाई पूजेला बसताना जो पाट मागतात, लांबच्या प्रवासास 'मला नाही झेपत' म्हणतात, हसता हसता एकाएकी उठून आत जातात, त्याचे कारण किती घरांतील मुलांनी विचारले आहे? म्हसावदच्या शिक्षकाच्या घरी सुनेच्या पोटासाठी लाखाच्या घरातील शस्त्रक्रियेची चर्चा चालू असेल, आणि त्याच घरात सासूबाई दिवसातून पाच वेळा पातळ बदलीत असतील. सुनेस हिणवू नये, हे आम्ही म्हणतोच. परंतु घरात पैसा व वेळ थोडा असेल तर पहिला दाखला सासूबाईंच्या नावाने निघावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि सून खरोखर शिकलेली असेल तर तीच त्यांस घेऊन जाईल.

सुनेच्या इच्छेविषयी आमचे म्हणणे एवढेच की, ती तिची आहे ना, हे पाहावे. नवऱ्याने चारदा काढलेले उद्गार, नणंदेची थट्टा, पडद्यावरच्या नट्यांची बाळंतपणानंतर दीड महिन्यांत निघालेली छायाचित्रे, यांतून उपजलेली इच्छा सुरीने भागत नाही. पोट सपाट झाले की ती नाकाकडे वळते. मूल झाल्यावर कित्येक महिने मन उदास राहणे, आरशाचा व स्वतःचा तिटकारा येणे, हे आजाराचेही लक्षण असते, आणि त्यावर उपचार वेगळा आहे. उलट, दोन जुळी वा तीन मुले झाल्यावर जिच्या पोटाची कातडी मांडीवर येते, घडीत सदैव चट्टे उठतात, फट चार बोटांची असून व्यायामाने मिटत नाही, तिने शस्त्रक्रिया करविली तर तिला हौशी म्हणणे हा निव्वळ अन्याय होय. ती तर मोडलेले नीट करून घेत आहे.

असा निश्चय जिचा झाला असेल, तिच्यासाठी व तिच्या घरातील कर्त्या माणसांसाठी थोडे व्यावहारिक. म्हसावदहून अशा शस्त्रक्रियेसाठी धुळे, नाशिक किंवा सुरत गाठावी लागते. परंतु पहिली तपासणी जवळ होते. फट आहे की हर्निया आहे, गर्भाशय उतरले आहे काय, रक्त किती आहे, हे गावच्या वा तालुक्याच्या रुग्णालयात पाहता येते, आणि नंदुरबार येथे २०२० साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. या जिल्ह्यात सिकलसेलचा रक्तदोष पुष्कळ आढळतो, तेव्हा कोणतीही भूल घेण्यापूर्वी ती चाचणी करवून घ्यावी. विम्याचे पैसे सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेस बहुधा मिळत नाहीत, हर्नियास व गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेस मिळू शकतात. म्हणून निदान लेखी घ्यावे. शस्त्रवैद्य प्लॅस्टिक सर्जरीतील एम. सीएच. अथवा तत्सम पदवीधर आहे काय, भूल देणारा डॉक्टर वेगळा व उपस्थित असणार काय, रात्री प्रकृती बिघडल्यास अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे काय, हे विचारण्यास संकोच करू नये. सुंदर गालिचा व थंड हवा असलेल्या चिकित्सालयात यांतले एकही नसते, असेही पाहण्यात येते. आणि पूर्वीच्या रुग्णांची छायाचित्रे दाखविली जातात, ती किती दिवसांनंतरची हे विचारावे. शस्त्रक्रियेचा व्रण पहिले काही महिने लाल व कठीण असतो, फिका पडावयास वर्ष-दीड वर्ष लागते. तेव्हा सहा आठवड्यांनंतरचे चित्र पुढे केल्यास वर्षानंतरचे मागून घ्यावे.